तिसरा पुकार

सोनई, ता. नेवासे
रविवार, ८ ऑक्टोबर १९७२

योहान यांस,
दीनाचा सलाम.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. आधी ते आईबाबांना वाचून दाखवलं, कारण आपलं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना तसा शब्द दिला होता. टेम्पोत हार्मोनियम ठेवून नगरपासून गात येण्याचा बेत ऐकून बाबा हसले. आई म्हणाली, "जावई लई गाजावाजाचा हाय." ही तक्रार नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, लग्न करायची कल्पना मलाही आवडली. बाहेरगावी नोकरीला गेलेले सगळे तेव्हा घरी असतात. देवळात गव्हाणी मांडलेली असेल. ती काढून ठेवू नये, आपण तिच्या शेजारीच उभं राहावं असं मला वाटतं. फुलं यंदा मिळणार नाहीत. शाळेत मी शिकवते त्या मुलींकडून पतंगाच्या कागदाची करून घेते. निंब अजून हिरवा आहे, त्याचे डहाळे दारांना बांधू. मी एक यादी केली आहे, कोणतं काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेला. तुम्ही हसाल, पण यादीशिवाय मला झोप येत नाही. गाणं, नाताळची चांदणी आणि गाजावाजा तुमच्याकडे. बाकी माझ्याकडे.

दोन गोष्टी मनाला लागून आहेत. पहिली अशी की गावात लोक रेशनची तांबडी मिलो ज्वारी खात आहेत, बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आहेत. अशा वर्षी टेम्पोवर चांदणी लावून मिरवणं बरं दिसेल का? आणि पाणी? आमच्या ख्रिस्ती वाड्याची विहीर गणपतीतच आटली. टँकर येतो तेव्हा घराला दोन हंडे मिळतात. पाहुण्यांनी येताना आपापलं पाणी आणावं, असं पत्रिकेत छापायचं का?

दुसरी गोष्ट लहान आहे. पाळकसाहेबांनी पुकाराचा अर्ज दिला. डिसेंबरचे तीन रविवार, ३, १० आणि १७, आपली नावं दोन्ही देवळांत पुकारतील, इथे आणि नगरला, आणि कोणाची हरकत आहे का ते विचारतील. अर्ज मी आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते. "यापूर्वी विवाह झाला होता काय?" हा प्रश्न आला तशी ती पाखडायची थांबली. मी "नाही" लिहिलं. ती उठून बाहेर गेली. का, ते मी अजून विचारलेलं नाही.

आपली,
दीना


नगर
१५ ऑक्टोबर ७२

प्रिय दीना,

पत्रिकेत पाण्याचं छापूच. "आहेर आणू नये, तांब्या आणावा." अख्ख्या जिल्ह्यात असं आमंत्रण कोणी काढलं नसेल.

मिरवण्याचं म्हणशील तर ऐक. दवाखान्यात दिवसभर मी उलट्या, जुलाब आणि खडी डोळ्यांत गेलेली माणसं बघतो. बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून "तीन वेळा" म्हणतो. संध्याकाळी हार्मोनियमचा भाता दाबला की वाटतं, चला, आज कोणीतरी हसेल. यंदा कोणाच्याच घरी काही नाही, म्हणून तर आपल्याकडे असलं पाहिजे. आम्ही सात जण गात येणार, तुझ्या दारातून तुला गातच देवळापर्यंत नेणार. चांदणी पाच हात रुंद, वेळूच्या कामट्यांची. कामट्या मी स्वतः तासतोय. बोटाला चिरा पडल्या, पण टोकं सरळ आली आहेत.

केक इथल्या बेकरीत सांगितलाय. त्यावर तुझी यादी काढून मागणार होतो, पण बेकरीवाला म्हणाला, एवढी अक्षरं मावणार नाहीत.

आई उठून गेल्या त्यात काय? मुलीचं लग्न म्हटलं की बायका उठून जातातच. माझी तर गेल्या रविवारी तीनदा गेली.

तुझाच,
योहान


सोनई
२४ ऑक्टोबर १९७२

योहान यांस सलाम.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन्हींत मी स्वतःची कीव केली होती, म्हणून ती फाडली.

अर्जातलं माझं उत्तर खोटं आहे. मला ते माहीत नव्हतं. माझं एक लग्न झालेलं आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, मी चार वर्षांची असताना आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला आणि आम्ही इकडे आलो. त्याआधी आमचं घर कर्जतकडे होतं आणि माझं नाव साळू होतं. आईनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्याकडून कमीजास्त होणार नाही:

"तुझ्या आत्याचं लगीन हुतं. मांडव पडलाच हुता, म्हनून त्याच मांडवात तुलाबी लावली. तीन वर्साची तू, मामाच्या कडेवर. बाशिंग टोचलं म्हनून रडलीस. नवरदेव आठ वर्साचा, कानिफनाथ. छबूबाईचा पोरगा. म्होरल्या वर्सी आमी ख्रिस्ती झालो, तवा त्याच्या बापानं सांगितलं, पोरगी आमच्या लेखी मेली. तुझ्या नावानं दहावं घातलं त्यांनी."

मी विचारलं, मग मला आजवर का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "बाप्तिस्म्याच्या पान्यात समदं गेलं असं तवाचे पाळकसायेब म्हनले हुते. ह्येबी गेलं का, ते म्या इचारलं न्हाई."

बाबा म्हणतात, पोरखेळ होता, विसर. मीही विसरायचं ठरवून पाहिलं. पण पाळकसाहेब उभे राहून "कोणाची हरकत आहे का" विचारतील तेव्हा मी चटईवर बसून माझ्या हातांकडे बघत राहीन, आणि मला ठाऊक असेल. तुमचं उत्तर आलं की मी त्यांना सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला सांगणं माझं कर्तव्य होतं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी दोष देणार नाही.

दीना


नगर
३० ऑक्टोबर ७२

दीना,

तीन वर्षांची नवरी! माझ्याआधी कोणी नंबर लावला असेल असं वाटलं नव्हतं.

आता गंभीरपणे. पाळकसाहेबांकडे जाऊ नकोस. सांगितलं की ते बिशपसाहेबांना लिहिणार, तिकडून कागद येणार, नाताळ जाणार, पुढचा नाताळ येणार. ते लग्न ना कायद्यानं धड, ना तुझ्या समजुतीनं. कर्जतकडचा कोण माणूस सोनईच्या देवळात येऊन हरकत घेणार आहे? आणि माझं "नाही" म्हणायचं म्हणशील, तर चांदणीवर कागद चढवून झालाय. आता मागं फिरणं नाही.

तरी तुझा स्वभाव मला कळतो. म्हणून असं करू. मला पंधरा दिवस दे. मी कर्जतला जातो, त्या कानिफनाथला गाठतो आणि "माझा काही हक्क नाही" असं लिहून त्याचा अंगठा घेऊन येतो. मग तू तो कागद घेऊन खुशाल पाळकसाहेबांकडे जा. चालेल? तोवर गप्प बस, आणि जेव.

योहान


सोनई
६ नोव्हेंबर १९७२

योहान यांस सलाम.

तुमचं पत्र वाचून मी खूप वेळ रडले, पण ते बरं वाटल्याचं रडणं होतं. माझ्यासाठी तुम्ही तिथवर जायला निघालात, हे मी जन्मभर विसरणार नाही. पंधरा दिवस गप्प राहते.

कागद मीच लिहून सोबत पाठवते आहे, म्हणजे त्यात एकही शब्द त्यांच्यावर जबरदस्तीचा नसेल. आईच्या ओळखीच्या एकीकडून कळलं की ती माणसं आता कर्जतजवळ पाझर तलावाच्या कामावर आहेत. कृपा करून एवढं पाळा:

त्यांच्याशी उभ्यानं बोलू नका, बसून बोला. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा, आणि समजला का ते विचारा. त्यांनी दुसरं लग्न केलं आहे का ते विचारा. नसलं आणि ते माझ्यामुळे अडलं असलं, तर तेही मला सांगा. लपवू नका. त्यांनी नाही म्हटलं तर आग्रह करू नका, तसेच परत या. आणि त्यांच्या आईच्या पाया पडा. माझ्या वतीनं.

मी रोज संध्याकाळी तुमच्या प्रवासासाठी प्रार्थना करते.

आपली,
दीना


नगर
१९ नोव्हेंबर ७२

प्रिय दीना,

फत्ते! कागद सोबत आहे. खाली अंगठा पाहा, कसा ठसठशीत उमटलाय.

गुरुवारी रजा घेऊन गेलो. कामावर माणसं अशी, की जत्रा भरलीय आणि देवच हरवलाय. तुझा कानिफनाथ मातीची पाटी खाली ठेवून माझ्यासमोर बसला. काळासावळा, हाडकुळा, पण हसरा. मी कागद वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो म्हणाला, "दादा, मला तर ती रडकी पोरगी तेवढी आठवते. तिला म्हनावं, आता रडू नको." बायको आहे, दोन मुलं आहेत. थोरला गोरक्षनाथ, पाच वर्षांचा. धाकटीचं नाव त्यानं साळू ठेवलंय. का, ते मी विचारलं नाही. निघताना म्हणाला, "चांगलं नांदा दोघं." आईच्या पाया पडलो.

बस, झालं. आता तुझी यादी काढ. गाणारे सातांचे नऊ झालेत. दोघे फक्त जेवायला येतायत असा माझा संशय आहे, पण आवाज बरा आहे. चांदणीत आत कंदील बसवून पाहिला. दुपारच्या लग्नात कंदील कशाला, असं आई म्हणते. मी म्हटलं, दीनानं एकदा तरी डोळे वर करून बघावं म्हणून.

तुझा,
योहान


सोनई
सोमवार, ४ डिसेंबर १९७२

प्रिय योहान,

काल पहिला पुकार झाला. पाळकसाहेबांनी दोन्ही नावं वाचली, "हरकत असेल तर सांगावी" म्हणाले, आणि एका खोकल्याइतका वेळ थांबले. मी मान वर ठेवून बसले होते. असं निर्भय मला या घरात, या गावात, कधी वाटलं नव्हतं. आधीच्या शुक्रवारी मी त्यांना सगळं सांगून कागद हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, अर्जातलं माझं "नाही" खोडून नवं उत्तर लिहून घेतलं आणि कागद पेटीत ठेवला. म्हणाले, "तुझा होणारा नवरा भला माणूस आहे. असे कष्ट कोण घेतं?" मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात म्हणत आले.

मला आता मिरवण्याची लाज वाटत नाही. चांदणी आणा. मी डोळे वर करून बघीन.

रोज संध्याकाळी मी गोरक्षनाथ आणि साळूचं नाव घेऊन प्रार्थना करते. एवढ्याशा मुलांना त्या मातीत काय खायला मिळत असेल? पाहिलं नाही त्यांना, पण साळू मला दिसतेच.

आणि एक केलं आहे. ज्या माणसानं आपल्याला असं मोकळं केलं, त्याला लग्नाला न बोलावणं मला बरं वाटेना. मागच्या महिन्याच्या २४ तारखेलाच मी त्यांना कामाच्या पत्त्यावर पत्र टाकलं: बायकोमुलांना आणि आईला घेऊन यावं, दोन दिवस राहावं, जेवावं. कोणीतरी वाचून दाखवेल. तुमची ओळख आहेच. तुम्हालाही आनंद होईल म्हणून आधी सांगितलं नव्हतं.

तुमची,
दीना


नगर
७ डिसेंबर ७२

दीना,

हे तू काय केलंस? त्या माणसाला कशाला बोलवायचं? पाहुण्यांत कुजबुज होईल, तुझ्या बाबांना मान खाली घालावी लागेल. एवढ्या गर्दीत पत्र मिळायचं नाहीच म्हणा. मिळालंच आणि काही उत्तर आलं, तर उत्तर देऊ नकोस, मला पाठव. ती माणसं कामावर कोणाकडूनही काहीबाही लिहून घेतात. एकाचं दुसऱ्याला चिकटतं.

केक २५ ला संध्याकाळी तयार होईल. बाकी ठीक.

योहान


मु. पाझर तलाव काम, कर्जत
५ डिसेंबर १९७२

(हे पत्र छबूबाई यांनी सांगितले तसे लिहिले आहे. लिहिणार भिमाजी मास्तर.)

साळूस छबूबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र मास्तरांनी वाचून दावलं. म्या दोनदा वाचाय लावलं. तू जित्ती हायेस हे म्हाइत हुतं, पर आमच्या मालकांम्होरं नाव काडायची सोय नव्हती. आता मालकबी न्हाईत.

बाये, तू कानिफला बोलावलंस. माजा कानिफ भादव्यात गेला. वरची दरड बसली, त्याच्यासंगं आनिक दोघं. सांजच्याला काडला. मग तुजं पत्र कुनाला द्यावं म्हनून मला दिलं.

तू लिवलंस का त्याच्या पोरांना आन. कुठली पोरं गं? दुसरी बायको केल्ती, ती बाळंतपनात गेली, पोरगंबी गेलं. तवापास्नं आमी मायलेकच हुतो. तू लिवलंस का तुजा नवरा हितं आल्ता, कानिफसंगं बोलला, माज्या पाया पडला. माज्या पाया कोन पडनार? सुटात आलेला मानूस असता तर समद्या कामानं बगितला असता. कुनी आलं न्हाई.

तू चुकून दुसऱ्याच कुनाला भेटवलंस काय? पर त्यो मानूस तरी चांगला निघाला, हे बरं झालं.

तुजं लगीन व्हतंय, आनंद हाय. माजं येनं व्हनार न्हाई. एक खाडा पडला तर नाव कापत्यात.


सोनई
रविवार, १० डिसेंबर १९७२

योहान यांस,

छबूबाईंचं पत्र जसंच्या तसं उतरून सोबत ठेवलं आहे. मूळ मी ठेवून घेतलं. ते काल आलं.

कानिफनाथ सप्टेंबरात वारले. तुम्ही त्यांना १६ नोव्हेंबरला भेटलात.

काल ते आईबाबांना वाचून दाखवलं. मग आईनं माझ्या लग्नासाठी आणून ठेवलेला हिरवा चुडा फडक्यात गुंडाळला आणि उतरंडीच्या तळाशी ठेवला. बाबा ओरडले, "आपुन ख्रिस्ती हाय का न्हाई?" ती म्हणाली, "हाय की. पर जावई मेला त्ये मेला." मग आम्ही सगळे जेवलो. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

आज सकाळी दुसरा पुकार झाला. पाळकसाहेब थांबले. मी उठले नाही. तुमचं ऐकण्याआधी बोलणं अन्यायाचं झालं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. दोन्ही खरं असेल.

बाबा म्हणतात, माणूस गेलाय, तू मोकळी आहेस, आता कसली अडचण? ते मला कळतं. पण माझ्या हातच्या कागदाखाली, जो मी स्वतः पाळकसाहेबांना दिला, तो अंगठा कोणाचा आहे?

मी दोन आठवडे दोन मुलांसाठी प्रार्थना केली. ती कोण होती?

एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. बाकी काही लिहू नका.

दीना


नगर
१३ डिसेंबर ७२

दीना,

अंगठा माझा आहे. दवाखान्यातल्या शिक्क्याच्या शाईचा. मुलं कोणीच नव्हती.

बाकी लिहू नकोस म्हणालीस, पण लिहितो.

मी गेलो होतो. हे खोटं नाही. कर्जतला उतरलो, काम चार मैलांवर होतं. दीड-दोन मैल चाललो. रस्त्यानं माणसांची रांगच रांग, सगळी मातीच्या रंगाची. मी पाच जणांना विचारलं. कोणी थांबून नीट बोलेना. एका मुकादमानं सांगितलं, हजेरी झाल्यावर या. परतीची गाडी चारची होती. आणि खरं सांगू? मला भीती वाटली. तो नाही म्हणाला तर? तू लिहिलंच होतंस, नाही म्हटलं तर तसेच परत या. तू तशीच वागली असतीस. मी एका झाडाखाली बसलो आणि ठरवलं की तो हो म्हणालाय. परत येताना गाडीत त्याचं बोलणं सुचत गेलं. तुला बरं वाटावं म्हणून मुलं घातली. साळूचं नाव लिहिताना मलाच भरून आलं होतं.

आता बघ, तो तेव्हा हयातच नव्हता. म्हणजे माझ्या कागदानं कोणाचं काय गेलं? तू मोकळी होतीस, आहेस. मी आणखी दोन मैल चाललो असतो तर हेच कळलं असतं, आणि हेच लग्न ठरल्या दिवशी झालं असतं. मी आळस केला, भ्यालो, त्याची शिक्षा तू दे. पण येत्या रविवारी तिसरा पुकार जाऊ दे. पत्रिका गेल्यात. माझ्या आईनं लुगडी वाटलीत. लग्नानंतर आपण दोघं छबूबाईंकडे जाऊ, तू म्हणशील ते करू. कागदाचं पाळकसाहेबांना कळलं तर मला या शहरात कोणत्याही देवळात हार्मोनियमला हात लावू देणार नाहीत. माझ्याकडे दुसरं काय आहे?

मी तुझ्यासाठीच केलं.

योहान


सोनई
बुधवार, २७ डिसेंबर १९७२

योहान यांस,

तुम्ही गेल्या बुधवारी आलात तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी निरोप धाडला होता, आणि मी आले नाही. शाळा सुटायला वेळ होता असं आई तुम्हाला म्हणाली. ते तिनं माझ्यासाठी सांगितलं. शाळा सुटली होती.

तिसऱ्या पुकाराचं तुम्हाला इतरांकडून कळलं असेल, पण ते माझ्याकडून कळावं.

मी दाराजवळच्या चटईवर बसले होते. पाळकसाहेबांनी नावं वाचली. त्याच वेळी नगरच्या देवळात तुमचीही वाचली जात असतील, असा विचार मनात आला. त्यांनी हरकतीचं विचारलं. मी उठले. आईनं पदर धरला, पण ओढला नाही. मी म्हणाले, "हरकत आहे." त्यांना वाटलं मी दुसऱ्या कोणाचा निरोप सांगते आहे. "कोणाची?" म्हणाले. मी म्हणाले, "नवरीची." मागून कोणीतरी हसलं. मग मी सांगितलं की पेटीतला कागद मी दिला, आणि त्याखालचा अंगठा त्या माणसाचा नाही. तुमचं नाव मी देवळात घेतलं नाही. नंतर पाळकसाहेबांनी घरी येऊन विचारलं तेव्हा घेतलं. विचारल्यावर मी खोटं बोलू शकले नाही.

ते रागावले नाहीत. म्हणाले, तो मनुष्य वारला आहे, तेव्हा अडसर देवानंच काढला. योहाननं क्षमा मागावी, नवा अर्ज भरू, जानेवारीत पुन्हा तीन पुकार करू. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं हवं होतं की मी हो म्हणावं. मी म्हणाले, "हरकत कानिफनाथांची नव्हतीच, साहेब." त्यांना ते कळलं नाही, किंवा कळूनही ते डोक्यावर टोपी ठेवून उठले.

तुम्हाला मात्र नीट सांगते, म्हणजे नंतर विचारत बसायला नको. तुम्ही भ्यालात, ते मी समजू शकते. मीही एक रविवार भ्याले. चार मैल चालला नाहीत, तेही चाललं असतं. तसंच लिहायचं होतं: "दीना, मला जमलं नाही." तुम्ही त्याऐवजी मला एक हसरा माणूस पाठवलात. मला काय हवं ते तुम्हाला अगदी बरोबर माहीत होतं, म्हणून तो इतका खरा झाला. त्याच्यावर मी सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला. दरडीखाली गेलेल्या माणसाला तुम्ही माझ्यासाठी हसायला लावलंत. आता तुमच्या आधीच्या पत्रांत मी मागं जाते आणि प्रत्येक ओळीशी थांबते. बोटाला चिरा पडल्या होत्या का? मला ठरवता येत नाही. असं जन्मभर तुमच्या समोर बसून ठरवत राहणं मला जमणार नाही.

छबूबाईंना मी लिहिलं, की तुमच्या पाया कोणी पडलं नव्हतं, तो चांगला निघालेला माणूसही कोणी नव्हताच, चूक आमची. आणि लिहिलं की मी लग्न करत नाही, पण ते तुमच्या मुलासाठी नाही, तशी समजूत करून घेऊ नये. वाचणारे मास्तर मला कठोर म्हणतील. पण त्या बाईला आणखी एक गोड खोटं मी कसं देऊ?

काल २६ तारीख होती. लांबच्या पाहुण्यांना कळवायला सवड मिळाली नव्हती. सकाळपासून लोक चालत येऊ लागले, शेवगावकडून, राहुरीकडून, हातात पत्रिका आणि तांब्या. पत्रिकेत छापलं होतं तसे. बाबा दारात उभे राहिले. वाड्यातले काकासाहेब बाबांना म्हणाले, "इसहाक, परत धाडायचं का?" बाबा म्हणाले, "उपाशी? ह्या साली?" आणि चूल पेटवायला सांगितली. दीडशे माणसं जेवली. मिलोच्या भाकऱ्या, पातळ डाळ, आणि गहू जपून ठेवला होता त्याची थोडी लापशी. कोणी गायलं नाही. पंगत इतक्या शांतपणे जेवताना मी कधी पाहिली नाही. पाण्याचे घोट ऐकू येत होते.

मी वाढत होते. एका म्हातारीनं मला विचारलं, "पोरी, नवरी कुठाय गं?"

मी म्हणाले, "मीच."

"मग बस की चार लोकांत. वाढतीस काय? आन नवरा?"

मी तिला सगळं सांगितलं नाही, पण जे सांगितलं ते खरं सांगितलं. तिच्या हातात घास तसाच राहिला. मग तिनं तो खाल्ला, हात पुसला आणि म्हणाली, "आता सांगितलंस त्ये बरं केलंस. आदी सांगितलं असतंस तर गिळला नसता. चार कोस चालून आले मी."

तिचा राग मला आला नाही. तुमचाही फार येत नाही. आला असता तर सोपं झालं असतं.

तुम्ही पत्र पाठवू नका. आलं तर मी ते उघडीन, उघडलं तर शेवटपर्यंत वाचीन, आणि वाचलं तर विश्वास ठेवीन. म्हणून पाठवू नका.

दीना